कलम सहा आणि बांद्याचे आजोबा

मुलाखत संपत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी नाटोबद्दल काय बोललं जातं?"

२०२३ चा सप्टेंबर होता. टोरंटोत येऊन मला वर्ष झालं होतं, सार्वजनिक धोरण या विषयातल्या एम.ए.चं दुसरं वर्ष सुरू झालं होतं आणि मी एका छोट्या ना-नफा संस्थेत इंटर्न म्हणून अर्ज केला होता. नाटो ही युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या देशांची लष्करी संघटना. ती म्हणजे काय, कशी चालते, कॅनडा तिच्यात काय करतो हे सामान्य माणसाला समजेल असं सांगणं हे संस्थेचं काम. अर्जासोबत बायोडेटा, एक पत्र आणि लिखाणाचा नमुना मागितला होता. पत्रात मी अभ्यासक्रमातलं सगळं नीट मांडलं होतं, आजोबांचा उल्लेख मात्र टाळला होता. आता समोरून थेट विचारल्यावर खरं ते सांगितलं. "माझे आजोबा नाटोला गोव्यातल्या पोर्तुगिजांची पाठीराखी समजतात. लहानपणापासून मी तेच ऐकलंय."

पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं, गेली संधी. पण मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "मग तुम्ही त्यावरच लिहा." चार दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला.

आजोबांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घर बांद्याला, सिंधुदुर्गात. तिथून गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी अगदी जवळ. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यातलं हे एक ठिकाण. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे. परत येणाऱ्यांना पाणी द्यायला गावातली पोरं उभी होती, त्यांच्यात तेही होते. एका माणसाला पाणी देताना त्याच्या सदऱ्यावरचं रक्त हाताला लागलं आणि ते कुणाचं होतं हे त्या माणसालाही सांगता येईना, हे आजोबा आजही सांगतात. आणि त्याच ओघात सांगतात, "पोर्तुगालाक हात लावलो तर नाटोवाले सगळे आमच्या अंगार येतले, असा तेव्हा जो तो सांगी."

नाटो हा शब्द मला असा भेटला. ब्रुसेल्समधलं मुख्यालय आणि शीतयुद्ध हे सगळं खूप नंतर आलं.

पहिले काही आठवडे

अशा संस्था नाटोच्या बहुतेक सदस्य देशांत आहेत. ४ एप्रिल १९४९ ला बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला आणि थोड्याच वर्षांत देशोदेशी अशी स्वयंसेवी मंडळं उभी राहिली. १९५४ मध्ये त्यांचा अटलांटिक ट्रीटी असोसिएशन हा महासंघ झाला. कारण साधं होतं. दुसऱ्याच्या देशावर हल्ला झाला तर आपण धावून जाऊ, असं सरकारनं लिहून दिलंय. ते कशासाठी, हे लोकांना पटलेलं नसेल तर त्या लिहून देण्याला वेळ आल्यावर किती बळ उरणार? त्यामुळे समजावणाऱ्यांची गरज पहिल्यापासूनच होती.

आमची संस्था म्हणजे दोन-तीन पगारी माणसं आणि पंधरा-वीस विद्यार्थी. कामाला मानधन नव्हतं. आठवड्याला पंधरा तास द्यायचे, मंगळवारी संध्याकाळी बैठक. मी शनिवार-रविवार किराणा दुकानात काम करून भाडं भागवत होते. हे काम पगारी असायला हवं असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. ज्यांना फुकट पंधरा तास परवडतात तेवढीच मुलं समजावणारी झाली तर ऐकणाऱ्यांच्या निम्म्या शंका त्यांना कधी सुचणारच नाहीत. बैठकीत हे बोलले, त्यांनी ते टिपून घेतलं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

पहिल्या दिवशी काय केलं? करार वाचला. चौदा कलमं, चहा संपायच्या आत वाचून होतात. आमच्या समन्वयक बाईंनी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचायला लावला, एकेकानं एकेक कलम, शाळेत धडा वाचायचो तसा. मग विचारलं, "यात कुठे लिहिलंय की एकावर हल्ला झाला तर सगळ्यांनी युद्ध करायचं?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, पाचव्या कलमात. त्या म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. एकावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल, हे आहे. पण पुढे असं आहे की प्रत्येक देश 'त्याला आवश्यक वाटेल ती कृती' करील, सशस्त्र बळाच्या वापरासह. आवश्यक काय हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी दोन वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध शिकत होते आणि परीक्षेत 'आपोआप युद्ध' असं लिहून गुणही मिळवले होते. त्या संध्याकाळपासून मी मूळ कागद उघडल्याशिवाय नाटोबद्दल एक वाक्य लिहिलेलं नाही.

संस्थेचा दंडकही तोच होता. माहिती वेगळी ठेवायची, मत वेगळं. माहितीच्या प्रत्येक वाक्याला आधार द्यायचा आणि तो शक्यतो मूळ दस्तऐवजाचा. मताचा लेख असेल तर वर लेखकाचं नाव, आणि संस्थेचं मत तेच असेल असं नाही ही सूचना.

लेख, आणि समासातला लाल शेरा

ऑक्टोबरात मी गोव्यावरचा लेख लिहायला घेतला. प्रश्न आजोबांचाच होता. नाटो खरोखर गोव्यासाठी आली असती का?

ही भीती हवेतून आलेली नव्हती, हे मला आधी सांगायचं होतं. पोर्तुगाल नाटोच्या बारा संस्थापक देशांपैकी एक. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा ही वसाहतच नाही, पोर्तुगालचाच तुकडा. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियात बांडुंगला भरलेल्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेत नेहरूंनी नाटो वसाहतवादाला संरक्षण देते असा उघड आरोप केला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबत काढलेल्या निवेदनात 'पोर्तुगीज प्रांत' हाच शब्द वापरला आणि भारतात संतापाची लाट उसळली. पत्रादेवीला चार महिनेही झाले नव्हते. बांद्यातल्या सतरा वर्षांच्या पोरानं यातून काय समजायचं?

आणि मग करार. सहाव्या कलमात पाचव्या कलमाची हद्द आखलेली आहे. सदस्य देशांचा युरोपातला किंवा उत्तर अमेरिकेतला प्रदेश, फ्रान्सचे अल्जीरियातले विभाग, आणि उत्तर अटलांटिक क्षेत्रातली, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटं. तुर्कस्तान नंतर जोडला गेला. मी लिहिलं, "गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे नाटोच्या संरक्षणाखाली येत नव्हता." भूगोलाच्या पुस्तकातलं कर्कवृत्त इतक्या वर्षांनी असं उपयोगी पडलं याचा मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मसुदा उघडला तर त्या वाक्यासमोर समासात लाल शेरा: "मग कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेला आशियातला प्रदेश या कलमात बसला असता का?"

मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. नसता बसला. कर्कवृत्ताची अट फक्त उत्तर अटलांटिकमधल्या बेटांना आहे. गोवा युरोपात नाही, उत्तर अमेरिकेत नाही, अटलांटिकमध्ये नाही, त्यामुळे तो कर्कवृत्तापर्यंत पोचतच नाही, आधीच बाहेर पडतो. माझा निष्कर्ष बरोबर होता आणि कारण चूक. वाचणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते खटकलंही नसतं. पण दहाव्याला खटकलं असतं, आणि मग माझ्या बाकीच्या वाक्यांवर त्यानं का विश्वास ठेवावा?

वाक्य बदललं. बदलताना एक गोष्ट नव्यानं दिसली आणि माझ्या मते लेखातली तीच सगळ्यात मोलाची. फ्रान्सनं १९४९ मध्ये आपला अल्जीरिया करारात नावानिशी घालून घेतला होता. म्हणजे युरोपबाहेरचा प्रदेश आत घ्यायचा असता तर तसं लिहिता येत होतं, आणि गोव्यासाठी ते लिहिलेलं नाही. 'सागरपार प्रांत' म्हटल्यानं पोर्तुगालच्या घटनेत काय बदललं असेल ते असो, सहावं कलम तेच राहिलं. याच कलमामुळे १९८२ मध्ये अर्जेंटिनानं दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनची फॉकलंड बेटं घेतली तेव्हा पाचवं कलम लागू झालं नाही. अमेरिकेचं हवाई राज्यसुद्धा पॅसिफिकमध्ये असल्यामुळे या शब्दांत बसत नाही.

असे सहा मसुदे झाले. विशेषणं गेली. 'साम्राज्यवादी' हा शब्द मी तीनदा वापरला होता, शेवटी एकदाच राहिला आणि तोही सालाझारच्या राजवटीसाठी. ते मला पटलं. संपादकांनी एकदाही "हे नाटोच्या विरोधात जातंय" असं म्हटलं नाही. माझी खरी भीती तीच होती. अशा संस्थांच्या काही उपक्रमांना नाटोच्या जनसंपर्क विभागाकडूनही अनुदान मिळू शकतं, आणि तसं असताना मोकळेपणानं कुठवर बोलता येतं हा प्रश्न कुणीही विचारावा असाच आहे. मी विचारला. उत्तर मिळालं: आधार दाखव आणि लिही. माझ्या आठ महिन्यांत तरी ते पाळलं गेलं.

वाचनालयातली संध्याकाळ

हिवाळ्यात भाषणं सुरू झाली. शाळा, वाचनालयं, नव्यानं देशात आलेल्यांचे वर्ग. जोडीजोडीनं जायचं, वीस मिनिटं बोलायचं, चाळीस मिनिटं प्रश्न घ्यायचे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पैशांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रम्प यांनी प्रचारसभेत, जे देश पैसे भरत नाहीत त्यांच्याबाबत रशियाला हवं ते करू देईन, अशा अर्थाचं विधान केलं, तेव्हापासून तर दर वेळी. लोकांना वाटतं की नाटो गणपतीसारखी वर्गणी गोळा करते आणि कॅनडा थकबाकीदार आहे. खरं तर दोन टक्के हे प्रत्येक देशानं आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनातून स्वतःच्या संरक्षणावर करायच्या खर्चाचं तेव्हाचं उद्दिष्ट होतं, २०१४ च्या वेल्स परिषदेत ठरलेलं. तो पैसा ब्रुसेल्सला जात नाही. सामायिक खर्चासाठी निधी आहे, पण तो वेगळा आणि त्यामानानं खूपच छोटा. हे सांगितलं की लोक माना डोलवायचे. मग मी पुढचंही सांगायचे: ते उद्दिष्ट कॅनडानं तेव्हाही गाठलेलं नव्हतं. तेवढं न सांगता थांबलं असतं तर ती अर्धी माहिती झाली असती.

एका शाळेत अकरावीतल्या मुलीनं विचारलं, रशियाशेजारच्या लॅटव्हियावर हल्ला झाला तर माझ्या भावाला जावं लागेल का? तिचा भाऊ सैन्यात होता की नाही हे मला माहीत नव्हतं. लॅटव्हियात २०१७ पासून कॅनडाच्या नेतृत्वाखाली बहुराष्ट्रीय तुकडी आहे, रीगाजवळच्या आदाजी तळावर, आणि कॅनडाचे सैनिक तिथे आधीपासूनच आहेत. कॅनडात सक्तीची भरती नाही. पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालंय, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेसाठी. त्यानंतर अफगाणिस्तानात कॅनडाचे १५८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांना ट्रेंटनच्या तळावरून टोरंटोला आणताना ज्या रस्त्यावरच्या पुलांवर लोक झेंडे घेऊन उभे राहायचे, तो रस्ता त्या शाळेच्या खिडकीतून दिसत होता. मी तेवढंच सांगितलं. मुलगी म्हणाली, "माझा भाऊ एडमंटनच्या लष्करी तळावर असतो. तो बहुतेक जाईल." यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. तास संपल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

पण या कामातली माझी खरी परीक्षा झाली ती एका वाचनालयात, जानेवारीत. बाहेर उणे पंधरा तापमान, आत तेवीस माणसं. माझ्या स्लाइडवर नाटोच्या इतिहासाची रेषा होती आणि तिच्यावर एक ठिपका: '१९९९, कोसोवो मोहीम', म्हणजे कोसोवोवरून नाटोनं युगोस्लाव्हियावर केलेले हवाई हल्ले. मी त्यावर दहा सेकंदं बोलून पुढे गेले. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. पस्तिशीचे, हातात टोपी. म्हणाले, "मी सर्बियातल्या नोवी सादचा. तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ७८ दिवस होते ते. आमच्या गावचे डॅन्यूबवरचे तिन्ही पूल गेले. तुम्ही याला मोहीम म्हणता?"

खोलीत आवाज नव्हता. मला आठवत होतं ते मी सांगितलं. २४ मार्च ते १० जून. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. कॅनडाची विमानंही त्यात होती. कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांना लाखोंनी घराबाहेर हाकललं जात होतं, त्यांच्यातले पाच हजारांवर निर्वासित कॅनडानं विमानानं इथे आणले, आणि त्यांतलं कुणी याच वाचनालयात बसलेलं असू शकतं. हेही सगळं खरं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण तुम्ही त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं." आणि बसले.

परतताना भुयारी रेल्वेत मी माझ्या जोडीदाराशी एक शब्द बोलले नाही. पत्रादेवीबद्दल कुणी असंच एका ठिपक्यात बोललं असतं तर आजोबांनी काय केलं असतं, एवढंच डोक्यात होतं. त्या रात्री स्लाइड बदलली. एका ठिपक्याचं एक पूर्ण पान केलं: तारखा, पूल, परवानगी नसणं, निर्वासित, कॅनडाचा सहभाग. मंगळवारच्या बैठकीत ते ठेवलं. एकानं विचारलं, वीस मिनिटांत हे बसणार कसं? मी म्हटलं, मुख्यालयाच्या नव्या इमारतीची दोन मिनिटं काढून टाकू. समन्वयक बाईंनी लगेच होकार दिला. पुढच्या सगळ्या भाषणांत ते पान होतं.

मार्चच्या ७ तारखेला स्वीडन नाटोत आला आणि आम्ही सगळीकडे ३१ चे ३२ केले. मागच्याच वर्षी, ४ एप्रिलला, फिनलंड आला होता.

फोन

लेख प्रसिद्ध व्हायच्या आधी मी आजोबांना फोन केला. त्यांच्या नावानं नाही, पण त्यांच्यामुळे काही छापून येतंय तर त्यांना आधी कळायला हवं. तिकडे सकाळ, कावळ्यांचा आवाज येत होता. मी सहावं कलम सांगितलं, अल्जीरिया सांगितला, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा नाटोचं एकही जहाज आलं नाही हे सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कागदार नसात गो. पण मतां देताना ते खंयच्या बाजूक होते?"

मी फोन ठेवला आणि सुरक्षा परिषदेच्या नोंदी उघडल्या. १८ डिसेंबर १९६१. भारतानं लष्करी कारवाई थांबवून सैन्य मागे घ्यावं असा ठराव. मांडणारे देश चार: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान. चौघंही नाटोचे सदस्य. बाजूनं सात मतं, विरोधात चार, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारानं ठराव पडला. मी हे आधीही वाचलं होतं. पण चार नावांखाली एकत्र रेघ ओढून कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे लष्करी संघटना म्हणून नाटो आली नाही, करारानं तिला यायचं कारणही नव्हतं. पण तिच्यातले मोठे देश त्या दिवशी पोर्तुगालच्या बाजूनं उभे राहिले. आजोबांचं म्हणणं सगळं बरोबर नव्हतं आणि सगळं चूकही नव्हतं. मी संपादकांना लिहिलं, एक परिच्छेद वाढवायचाय. त्यांनी नोंदींचा दुवा मागितला, वाचला, आणि लेख एक आठवडा पुढे ढकलला. वाढवलेला परिच्छेद शब्दशः छापला गेला.

एप्रिलच्या शेवटी माझी मुदत संपली. शेवटच्या आठवड्यात मी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. पाचवं आणि सहावं कलम मराठीत करायचं, आजोबांना वाचून दाखवण्यासाठी. करारात देशांना जो शब्द आहे त्याला 'पक्ष' म्हटलं तर आपल्याकडे काँग्रेस-भाजप आठवतात. 'करार करणारे देश' असं सरळ लिहिलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाचव्या कलमातल्या त्या एका क्रियापदावर. 'ठरवील'? 'मानील'? शेवटी 'वाटेल' ठेवलं, 'आवश्यक वाटेल ती कृती'.

व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. चुलत भावानं फोन धरला होता. 'वाटेल' आल्यावर आजोबांनी हात वर केला.

"वाटात ती? म्हणजे लढूकच व्हया असा खंय लिवलेला नाय?"

"नाही, आजोबा."

"मगे आमका सगळ्यांका भिववलेल्यानी कोणी?"

मी नेहरूंपासून डलेसपर्यंत सगळं पुन्हा सांगू लागले. त्यांनी थांबवलं. म्हणाले, "तां ऱ्हवांदे. ह्या माका छापून धाड. वाचनालयात लावतंय. अक्षरां मोठी काड, माका दिसणा नाय." वीस पॉइंटात दोन पानं काढली. सहाव्या कलमाखाली ठरावाची चार नावं टाकली आणि जून महिन्यात गोव्याला निघालेल्या एका मैत्रिणीबरोबर ती बांद्याला पाठवली.